‘सेबल’ दिसला की आधी त्याचे शेजारी पाहा

भाषांतराच्या कामाला नवी होते तेव्हा मिशिगनमधल्या एका नदीवरचा लेख माझ्याकडे आला. नदीचं नाव ऑ साबल. मी शब्दकोश उघडला, ‘सेबल म्हणजे काळा’ असं वाचलं आणि नावापुढे ‘काळी नदी’ असा खुलासा मोठ्या ऐटीत जोडून दिला. मजकूर पुढे जायच्या आत फ्रेंच येणाऱ्या एका मैत्रिणीच्या नजरेखालून तो गेला म्हणून वाचले. ती एवढंच म्हणाली, “अगं, वाळू काळी कधीपासून झाली?” नाव फ्रेंचांनी ठेवलेलं, आणि त्यांच्या भाषेत ‘साब्ल’ म्हणजे वाळू.

पाच रोमन अक्षरांचा हा शब्द शास्त्रीय आणि तांत्रिक लेखनात इतक्या वेगवेगळ्या रूपांत भेटतो की नवख्या माणसाची फसगत ठरलेलीच. शोधपेटीत तो एकटा टाकून पाहा: सायबेरियातला प्राणी, अटलांटिकमधलं बेट, पॅसिफिकमधला मासा, फळमाशीचं जनुक, पार्सर (कोडची व्याकरणानुसार फोड करणारा प्रोग्राम) बनवणारी आज्ञावली आणि एक बंद झालेली मोटारगाडी, सगळे एकाच रांगेत येऊन बसतात. विद्यार्थी, भाषांतरकार, सूची तयार करणारे, संदर्भ गोळा करणारे अशा सगळ्यांसाठी मी वापरते ती पद्धत इथे देते आहे.

पायरी पहिली: मजकूर मुळात कोणत्या भाषेतला आहे?

हा प्रश्न सगळ्यात आधी, कारण इथे चुकलात तर पुढच्या पायऱ्या नीट चढूनही उपयोग नाही.

इंग्रजीतला सेबल मूळचा स्लाव्ह. रशियन ‘सोबोल’ मध्ययुगीन लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. आधी प्राणी, मग त्याची फर, मग काळा रंग, असा त्याचा अर्थ पसरत गेला. फ्रेंचमधला वाळूवाला ‘साब्ल’ मात्र लॅटिन ‘साबुलम’पासून आलेला. स्पेलिंग तेच, पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. स्पॅनिशमध्ये तिसरंच प्रकरण. तिथे ‘साब्ले’ म्हणजे तलवार, तीही बाकदार पात्याची. म्हणून स्पॅनिश जीवाश्मशास्त्रात ‘दिएंतेस दे साब्ले’ दिसलं तर तो काळ्या दातांचा प्राणी नव्हे, तलवारदंती मार्जार आहे. आपला परिचयाचा स्मायलोडॉन.

फ्रेंच मजकुरात वाळू पावलोपावली भेटते. जुन्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात ‘बँ द साब्ल’ म्हणजे वाळूचं तापपात्र: भांडं थेट आचेवर न ठेवता तापलेल्या वाळूत रोवायचं. पाणीपुरवठ्याच्या अहवालात वाळूची गाळणी येते, भूशास्त्रात फॉन्तेनब्लोची वाळू येते. पॅरिसच्या दक्षिणेकडचा हा ऑलिगोसीन काळातला प्रसिद्ध थर. इंग्रजी लेखसुद्धा अशा थरांची नावं बरेचदा मूळ फ्रेंचमध्येच ठेवतात, त्यामुळे पान इंग्रजी आणि सेबल फ्रेंच अशी भेसळ होते. पानाची भाषा पाहून थांबू नका, त्या नावाची भाषा पाहा.

गंमत अशी की खुद्द सेबल प्राण्याला फ्रेंच लोक ‘झिबेलिन’ म्हणतात आणि जर्मन ‘त्सोबेल’. फ्रेंचमध्ये साब्लचा काळ्या रंगाशी संबंध उरलाय तो फक्त कुलचिन्हांच्या शास्त्रात. तिथे इंग्रजीप्रमाणेच साब्ल म्हणजे काळा. रंगीत छपाई नसलेल्या जुन्या चित्रांत हा काळा दाखवायला आडव्या आणि उभ्या रेषा एकमेकींना छेदून काढतात. कुलचिन्हाच्या चित्रात ढालीच्या एखाद्या भागावर अशी जाळी दिसली, तर ती नक्षी समजू नका.

पायरी दुसरी: अक्षरं मोठी आहेत का?

इंग्रजी मजकुरात सगळी अक्षरं कॅपिटल असतील तर तो बहुधा आद्याक्षरांतून जुळवलेला शब्द असतो, आणि त्याचा उलगडा लेखाच्या पहिल्या पानावर कुठेतरी दिलेला असतो. तो सापडेपर्यंत पुढे वाचू नका.

प्रथिनांच्या अभ्यासात सेबल नावाचा एक अंदाजक आहे. अमिनो आम्लांच्या नुसत्या क्रमावरून प्रथिनाचा कोणता भाग बाहेर, पाण्याच्या संपर्कात असेल आणि कोणता आत दडलेला, याचा अंदाज तो चेताजालाच्या, म्हणजे न्यूरल नेटवर्कच्या, मदतीने बांधतो. वाक्-संश्लेषणात १९९८ मध्ये मांडली गेलेली सेबल ही खूणभाषा आहे. यंत्राने मजकूर वाचताना कुठे थांबायचं, कुठे जोर द्यायचा, आवाजाची पट्टी आणि वेग किती ठेवायचा, हे सांगणाऱ्या खुणा त्यात असतात. फेस्टिव्हल ही वाक्-संश्लेषण प्रणाली ती वाचू शकते. म्हणजे ‘सेबल फाइल’ असा उल्लेख आला तर तो प्राण्याच्या माहितीचा साठा नव्हे.

माझं आवडतं उदाहरण हवामानशास्त्रातलं. सप्टेंबर १९९८ मध्ये स्पेनमधल्या वायादोलिदजवळ रात्रीच्या स्थिर वातावरणाच्या खालच्या थरावर एक क्षेत्रप्रयोग झाला. त्याच्या इंग्रजी वर्णनातल्या आद्याक्षरांचं नाव झालं सेबल्स-९८. पहिला ‘एस’ स्टेबल या शब्दाचा, शेवटचा स्पेनचा. ज्या देशात या अक्षरांचा अर्थ ‘तलवारी’ होतो तिथेच हा प्रयोग व्हावा, हा निव्वळ योगायोग असावा.

संगणकात मात्र कॅपिटल अक्षरांचा नियम पुरत नाही. मॅकगिल विद्यापीठातल्या लॉरी हेन्ड्रेन यांच्या संशोधनगटाचं नावच सेबल. त्यातून आलेलं सेबल-सीसी जावामध्ये पार्सर तयार करून देतं आणि सेबल-व्हीएम हे जावाचं आभासी यंत्र होतं. जावाच्या कोडचं विश्लेषण करणारं सूट हे साधनही त्याच गटाचं. जुन्या लेखांत ‘सेबल गटाचं सूट’ असं वाचून घोटाळा होऊ देऊ नका. लिनक्सच्या गाभ्यात अल्फा संगणकांसाठीच्या एका फाइलच्या नावातही सेबल आहे. ते डेक कंपनीच्या अल्फा-सर्व्हर २१०० चं सांकेतिक नाव, आणि त्याच फाइलमध्ये जोडीला लिंक्सही आहे. दोन प्राण्यांची नावं शेजारी दिसली म्हणून प्राणिशास्त्रात शिरायचं नाही, एवढाच धडा.

पायरी तिसरी: मागचा आणि पुढचा शब्द

माझं निम्म्याहून जास्त काम याच पायरीवर उरकतं. सेबल हा शब्द शास्त्रीय लेखनात एकटा फार क्वचित फिरतो. शेजारी कोण आहे ते पाहिलं की ओळख पटते.

पुढे ‘आयलंड’ असेल तर कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्यापासून दूर असलेला वाळूचा चंद्रकोरी पट्टा: सुमारे ४० किलोमीटर लांब, रुंदीला दीड किलोमीटरही नाही. जहाजफुटींसाठी बदनाम, रानटी झालेल्या घोड्यांसाठी प्रसिद्ध, आणि करड्या सीलची जगातली सगळ्यात मोठी प्रजननवसाहत इथलीच. हवामान, सील, घोडे आणि आसपासच्या समुद्रतळातला नैसर्गिक वायू, एवढ्या सगळ्या विषयांच्या लेखांत हे बेट येतं. भूशास्त्रातलं ‘सेबल उपखोरं’ बेटाच्याच नावावरून, म्हणजे घराणं वाळूचंच.

मागे ‘केप’ असेल तर मात्र सावध. केप सेबल दोन आहेत. एक नोव्हा स्कोशियाच्या दक्षिण टोकाला, आणि ते सेबल आयलंडच्या जवळ मुळीच नाही. दुसरं फ्लोरिडात, अमेरिकेच्या सलग मुख्यभूमीच्या दक्षिण टोकाला. पक्ष्यांवर लिहिणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. सेबल आयलंडवर घरटी करणारी इप्सविच चिमणी ही सव्हाना चिमणीची उपजाती. केप सेबलची सागरकिनारी चिमणी फ्लोरिडातली, संकटग्रस्त आणि वेगळ्याच जातीची. त्यातही ही फ्लोरिडावाली आता प्रत्यक्ष केप सेबलवर राहतच नाही, एव्हरग्लेड्सच्या आतल्या गवताळ पाणथळीत सापडते. एकीचं घर कॅनडात, दुसरीचं नाव तिच्या जुन्या घराचं, आणि संदर्भसूचीत दोघी ‘सेबल, चिमणी’ अशा एका ओळीत. दोघींची शास्त्रीय नावं लिहून ठेवल्याशिवाय नोंद पुढे सरकवायची नाही, हा माझा नियम आहे.

पुढे ‘सिस्टिम्स’ आणि त्यानंतर लास व्हेगास असेल तर ती श्वसनमापनाची उपकरणं बनवणारी कंपनी. कीटक किंवा उंदीर किती ऑक्सिजन घेतात, किती कार्बन डायऑक्साइड सोडतात हे मोजणाऱ्या लेखांच्या ‘साहित्य आणि पद्धती’ भागात हे नाव हमखास येतं. मागे ‘मर्क्युरी’ किंवा ‘टॉरस’ असेल तर फोर्डची १९८६ च्या मॉडेलपासून विकली गेलेली गाडी. अपघात-सुरक्षेच्या जुन्या अहवालांत टॉरस आणि सेबल जोडीने येतात. मागे ‘यूएसएस’ असेल तर दुसऱ्या महायुद्धातली एक विलक्षण बोट: प्रवासी आगबोटीवर सपाट डेक चढवून केलेली, चक्क पाणचाकांनी चालणारी विमानवाहू नौका. १९४३ पासून ती मिशिगन सरोवरात वैमानिकांना उतरायचा सराव देत होती. आणि पतंगांच्या ब्रिटिश यादीत मागे ‘वेव्ही-बार्ड’ किंवा ‘व्हाइट-स्पॉटेड’ असेल तर ते गडद पंखांचे छोटे पतंग.

पायरी चौथी: प्राणी असेल तर लॅटिन नाव मागा

नुसता सेबल म्हणजे मार्टेस झिबेलिना. लिनिअसने १७५८ मध्ये त्याचं वर्णन केलं. पाणमांजराच्या कुळातला, तैगाच्या जंगलात राहणारा, तपकिरी रंगाचा प्राणी. तपकिरी, हे लक्षात ठेवा. काळ्या रंगाला आपलं नाव देणारा हा प्राणी स्वतः कोळशासारखा काळा नसतो, फक्त जितकी गडद कातडी तितकी किंमत जास्त. सायबेरियात रशियन सत्ता पसरली ती बऱ्याच अंशी या फरच्या मागे. बैकालजवळचं बारगुझिन अभयारण्य खास याला वाचवायला स्थापन झालं, जुन्या रशियन दिनदर्शिकेने डिसेंबर १९१६ मध्ये आणि नव्या दिनदर्शिकेने जानेवारी १९१७ मध्ये. दोन लेखांत दोन वर्षं दिसली तर एकाला खोडू नका, दोन्ही बरोबर आहेत.

सेबल अँटिलोप म्हणजे हिप्पोट्रॅगस नायजर, आफ्रिकेतला मागे वळलेल्या लांब शिंगांचा प्राणी. मराठीत इथे एक खास खड्डा आहे. ‘काळा’ आणि ‘हरीण’ एकत्र आले की हात आपोआप ‘काळवीट’ लिहून मोकळा होतो. काळवीट ही निराळी प्रजाती आहे, आकाराने बरीच लहान, आणि शिंगं पिळाची. ‘सेबल अँटिलोप’ असंच लिहा, कमी वाईट दिसतं. अंगोलातली याची महाकाय उपजाती यादवी युद्धानंतर संपली असं वाटत होतं. २००५ मध्ये कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांनी ती शिल्लक असल्याचं सिद्ध झालं. तिच्यावरच्या लेखांत संकराचा विषय निघतो, कारण नर उरले नव्हते तिथल्या माद्यांनी रोन अँटिलोप या जवळच्या प्रजातीशी संग केला होता.

सेबलफिश म्हणजे ॲनोप्लोपोमा फिंब्रिया, उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्यातला गडद मासा. मत्स्यव्यवसायाच्या अहवालात नुसतं ‘सेबल’ आणि बाजारात ‘ब्लॅक कॉड’, पण कॉडच्या कुळाशी नातं नाही. कानातल्या खड्याची वलयं मोजून काढलेलं त्याचं वय ९० वर्षांच्याही पुढे गेलेलं आहे.

पायरी पाचवी: रंग असेल तर विचारा, कुणाचा रंग?

इथे जरा थांबायला हवं, कारण जनुकशास्त्रात सेबल या शब्दाने जेवढा गोंधळ घातलाय तेवढा कुठेच नाही.

कोली जातीचा कुत्रा सेबल आहे असं म्हणतात तेव्हा तो काळा नसतो. तो सोनेरी किंवा लालसर असतो, काही केसांची टोकं तेवढी काळी. जर्मन शेफर्ड सेबल असतो तेव्हा त्याच्या एकेका केसावर फिके आणि गडद पट्टे असतात, लांडग्यासारखे. दोन्ही एएसआयपी या जनुकाशी निगडित, पण पारंपरिक वर्गीकरणात त्या जनुकाची रूपं, म्हणजे अ‍ॅलील वेगवेगळी. म्हणजे दोन जातींच्या नोंदी ‘सेबल’ या शब्दावरून एकत्र केल्या तर दोन भिन्न जनुकप्रकार एका रकान्यात पडतात. २०२१ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने कुत्र्यांच्या रंगांचे पाच नमुने एएसआयपीच्या प्रवर्तकांवरून (जनुक चालू करणाऱ्या भागांवरून) मांडले, त्या पाच नावांत सेबल हा शब्दच नाही. शहाणपणाचं केलं असं मला वाटतं.

बर्मीज मांजराची गोष्ट आणखी वेगळी. अमेरिकी नोंदीत जे सेबल, ते ब्रिटिश नोंदीत ब्राउन. जनुकाच्या हिशेबाने ते काळं मांजर असतं, पण टायरोसिनेज या विकराचं उष्णतेला न टिकणारं रूप अंगावर रंग पूर्ण चढू देत नाही, म्हणून गडद तपकिरी दिसतं. पाळीव फेरेटमध्येही सेबल आहे, तिथे तो सर्वसाधारण रंग.

आता फळमाशी. ड्रोसोफिलाच्या जनुकांना उत्परिवर्तित माशी कशी दिसते त्यावरून नावं द्यायची प्रथा आहे. अंग गडद, म्हणून जनुक सेबल. खूण लहान ‘एस’, जागा एक्स गुणसूत्राच्या जनुक-नकाशावर ४३.० या अंतरावर, मिनिएचर आणि गार्नेट या जनुकांच्या मध्ये. इथवर सोपं. पुढे असं दिसलं की एका दुसऱ्या जनुकात बिघाड झाला तर सेबल माशीचं अंग पुन्हा नेहमीच्या रंगाकडे झुकतं. त्या दुसऱ्या जनुकाचं नाव पडलं ‘सप्रेसर ऑफ सेबल’. त्यावरचे लेख उघडून पाहा, रंगाचा मागमूस नसतो. ते जनुक पेशीकेंद्रात आरएनएला चिकटणारं प्रथिन बनवतं; ज्या जनुकात जागा बदलणाऱ्या डीएनएचा तुकडा घुसून बसलाय, त्याच्याकडून निघणाऱ्या आरएनएचं प्रमाण ते खाली ठेवतं. म्हणजे शीर्षकात सेबल आणि आत आरएनएचं नियमन. हे नाव भाषांतरित करू नका. ‘काळेपणा दाबणारं जनुक’ असं लिहिलंत तर वाचक रंगद्रव्य शोधत बसेल.

पायरी सहावी: तो ब्रश

प्रयोगाच्या पद्धतीत असं वाक्य येतं: मावा कीटक बारीक सेबल ब्रशने पानावर सोडले. चित्रकार, कृत्रिम दातांवर सिरॅमिकचे थर चढवणारे तंत्रज्ञ आणि कीटकशास्त्रज्ञ या तिघांचा हा सामाईक शब्द. पण कोलिन्स्की सेबल म्हणून विकला जाणारा चांगला ब्रश सेबल प्राण्याच्या केसांचा नसतोच, तो सायबेरियन वीझलच्या, म्हणजे मुस्टेला सिबिरिकाच्या शेपटीच्या केसांचा असतो. शिवाय कृत्रिम धाग्याच्या ब्रशवरही ‘सेबल’ छापलेलं असतं. मराठीत मी ‘मऊ केसांचा बारीक ब्रश’ लिहिते आणि क्रमांक दिला असेल तर तो तसाच ठेवते. तीन शून्यांचा ब्रश म्हटल्यावर करणाऱ्याला कळतं. माव्याची सोंड पानात रुतलेली असते. ओढून काढला तर ती तुटते. ब्रशच्या टोकाने हलकेच डिवचायचं, तो स्वतः सोंड काढून चालायला लागला की मग उचलायचा. केस कुणाचे होते याने तिथे काही अडत नाही.

पायरी सातवी: हा शब्द आहे तरी का?

शेवटची शंका ही ठेवा, पण ठेवा नक्की. जुन्या छापील पानांचं यंत्राने केलेलं वाचन ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडत नाही. फ्रेंचमधले ‘रेस्पाँसाब्ल’, ‘अँदिस्पाँसाब्ल’ असे शब्द तुटले की पुढच्या ओळीच्या सुरुवातीला नेमकी हीच पाच अक्षरं उरतात. संपूर्ण मजकुरात शोध घेतला की वाळूचा एक कण नसलेले लेख वाळूच्या यादीत येतात. बऱ्याच शोधपेट्या अक्षरांवरच्या खुणाही पुसून टाकतात, म्हणजे साब्ले-स्युर-सार्त हे फ्रेंच गावही याच ढिगात. लहान-मोठ्या अक्षरांतला फरकही त्या पाहत नाहीत, त्यामुळे दुसरी पायरी तुम्हालाच डोळ्यांनी करावी लागते. म्हणून शोधताना हा शब्द एकटा टाकूच नका. प्राणी हवा असेल तर झिबेलिना, मासा हवा असेल तर ॲनोप्लोपोमा टाका, आणि बेटाचं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत द्या.

आणि सगळ्यात चकवणारा सेबल म्हणजे ‘स्टेबल’मधला ‘टी’ गळालेला. शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली त्याला हात लावत नाही, कारण तिच्या लेखी सेबल हा बरोबरच शब्द आहे. माझ्यासमोर एकदा ‘सेबल आयसोटोप विश्लेषण’ आलं होतं. नदी-प्रकरण ताजं असल्याने मी आधी वाळूच्या नमुन्यांचा विचार केला, मग बेटाचा, मग सीलच्या मिशांचा. अर्धा तास गेल्यावर त्याच लेखाच्या पुढच्या परिच्छेदात तेच शब्द नीट छापलेले दिसले: स्थिर समस्थानिकं.